आकडे लावलेले फाटे : नेदरलँड्स-बेल्जियममधलं सायकलवाटांचं जाळं

पांदण (धागाकर्ती)

मंडळी, नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला येऊन मला सात वर्षं झाली. इथल्या सायकलवाटांची रुंदी, तांबडं डांबर, सायकलींचे वेगळे सिग्नल यांवर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते रस्त्याकडेच्या खांबावरच्या एका छोट्या पाटीबद्दल.

पांढरी पाटी. तिच्यावर हिरव्या रंगात गोलातला दोन आकडी नंबर आणि शेजारी बाण. गावाचं नाव नाही, किलोमीटर नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात या पाट्या मी रोज बघत होते आणि त्या कशासाठी आहेत हे मला कळत नव्हतं. मग एकदा शेजारचे आजोबा सायकल काढताना दिसले. त्यांच्या सायकलच्या आडव्या नळीवर बोटभर रुंदीची कागदाची पट्टी चिकटवलेली होती, पावसापासून जपायला वरून पारदर्शक चिकटपट्टी. पट्टीवर एकाखाली एक नऊ आकडे, जाड पेन्सिलीने लिहिलेले. "हा आजचा दिवस," म्हणाले. चाळीस किलोमीटरची फेरी त्या नऊ आकड्यांत बसली होती.

कसं चालतं ते सांगते. समजा तुम्ही ४७ वर आहात (आकडे उदाहरणादाखल घेतलेत). तिथल्या खांबावर ४७ ठळक लिहिलेला असतो आणि तीन वाटांकडे तीन बाण असतात: १२, ५१ आणि ८. तुम्हाला ५१ ला जायचंय, तर ५१ चा बाण धरायचा. वाटेत जिथे कुठे वळायचा प्रश्न येईल तिथे पुन्हा ५१ आणि बाण. पाटी दिसली नाही तर सरळ जायचं, हा नियम एकदा अंगवळणी पडला की झालं. ५१ आला की त्याच्या खांबावर त्याचे शेजारी. बऱ्याच ठिकाणी आजूबाजूच्या जाळ्याचा मोठा नकाशाही उभा केलेला असतो.

डचमध्ये याला क्नोपपुंट म्हणतात. क्नोप म्हणजे गाठ. सगळी गंमत आहे ती नंबर कशाला दिला यात. आपल्याला रस्त्याला नंबर द्यायची सवय आहे. इथे रस्ता बिननावाचा आहे, नंबर आहे तो फाट्याला.

खरं तर आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. एसटीत बसून आपण "सुरूर फाटा एक द्या" म्हणतो. वडखळ नाका, हातखंबा तिठा. महामार्गाचा नंबर कंडक्टरला कुणी सांगत नाही. वाट जिथे फुटते ती जागा लक्षात ठेवायची, हे आपल्या बोलण्यात पिढ्यान् पिढ्या आहे.

या कल्पनेचा उगम मला फार आवडतो. बेल्जियममधल्या लिंबुर्ग प्रांतात कोळशाच्या खाणी होत्या. तिथे काम केलेले ह्यूगो बोलन नावाचे खाण-अभियंता होते. जमिनीखाली बोगद्यांचं जाळं, सगळीकडे अंधार, सगळे बोगदे सारखेच दिसणारे. तिथे माणूस वाट शोधतो ती बोगद्यांच्या फाट्यांवरच्या आकड्यांनी. प्रांतातली शेवटची खाण १९९२ मध्ये बंद झाली. खाणी गेल्यावर तिथे पर्यटन आणायची खटपट सुरू झाली, आणि बोलन यांनी तीच युक्ती जमिनीवर आणून सायकलवाटांना लावली. १९९५ मध्ये पहिलं जाळं सुरू झालं. पुढे ते सीमा ओलांडून नेदरलँड्समध्ये आलं आणि आता जवळपास देशभर आहे.

कुणी या वाटांवर फिरलं असेल, किंवा दुसऱ्या देशातली पद्धत माहीत असेल, तर जरूर लिहा.

---

अंकगणिती

पांदणताई, धागा वाचून वही-पेन घेऊन बसलो. रस्त्याऐवजी फाट्याला नंबर दिल्याने काय फरक पडतो ते मोजून बघता येतं.

खिडकीच्या जाळीसारखे चार चौकोन घ्या, दोन वर दोन खाली. कोपरे नऊ, म्हणजे गाठी नऊ. त्यांना जोडणारे तुकडे बारा. एका गाठीवरून दोनदा न जाता निघालो तिथेच परत यायचं, तर किती वेगळ्या फेऱ्या होतात? सुटे चौकोन चार, शेजारचे दोन-दोन जोडून चार, तीन-तीन जोडून चार, आणि सगळ्यात बाहेरची एक. एकूण १३.

आता नऊ चौकोन घ्या. गाठी १६, तुकडे २४. फेऱ्या होतात २१३!

जुन्या पद्धतीने प्रत्येक फेरीला नाव देऊन पाट्या लावायच्या म्हटलं, तर २१३ प्रकारच्या पाट्या लागतील आणि एकेका खांबावर डझनांनी पाट्या लटकतील. इथे फक्त २४ तुकड्यांवर दोन्ही दिशांनी बाण लावायचे. बाकीचं काम त्या आजोबांची पेन्सिल करते.

---

पांदण

अंकगणिती, २१३ हा आकडा मला माहीत नव्हता. आता शेजारच्या आजोबांना सांगणार. जुन्या थीम-फेऱ्यांच्या, म्हणजे नाव दिलेल्या ठरलेल्या फेऱ्यांच्या पाट्या अजूनही कुठे कुठे दिसतात, त्यांची अडचण हीच की पंचेचाळीस किलोमीटरची फेरी म्हणजे पंचेचाळीसच. मुलगी दमली, ढग आले, तर मधूनच कापायची सोय नाही. आकड्यांच्या जाळ्यात पुढच्या गाठीवर थांबायचं, नकाशा बघायचा आणि जवळच्या वाटेने घरी वळायचं.

---

भीमथडी

लेख छान. पण एक प्रामाणिक शंका आहे. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. जीपीएस वळण आलं की कानात सांगतो. मग हजारो खांब आणि पाट्या सांभाळायच्या कशाला?

---

पांदण

भीमथडी, शंका रास्त आहे. फोन मीही नेते. पण तीन-चार गोष्टी सांगते.

पावसात ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही आणि इथे पाऊस कधीही येतो. दुसरं, फोन बघताना नजर खाली जाते. पाटी रस्त्याच्या कडेला असते, नजर वरच राहते. ताशी अठरा-वीसच्या वेगात दोन आकडे एका कटाक्षात वाचून होतात. "वाल्केन्सवार्ड" हे शेजारचंच गाव, पण ते नाव चालत्या सायकलवरून वाचायला मला पहिल्या वर्षी ब्रेक लावावा लागायचा.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: पाटी लावलेली वाट कुणीतरी स्वतः सायकलवर बसून निवडलेली असते. जवळचा रस्ता सोडून कालव्याकाठून, झाडीतून, शेतांमधून. ज्यांना फक्त पोहोचायचंय त्यांच्यासाठी वेगळ्या पाट्या आहेत, पांढऱ्यावर लाल अक्षरं, गावाचं नाव आणि किलोमीटर. कामावर जाताना मी लाल अक्षरं बघते, रविवारी हिरवे आकडे.

---

ऊर्मी

तिसरी एक जात राहिली, ताई! त्या बुटक्या, छत्रीसारख्या खुणा. आम्ही उट्रेख्टला असताना जंगलात खूप बघितल्या.

---

पांदण

हो हो, पॅडेस्टूल! म्हणजे अळंबी. १९१९ पासून आहेत. एएनडब्ल्यूबी या सायकलस्वारांच्या जुन्या संघटनेने त्या लावल्या. जेमतेम गुडघ्याएवढी उंची, चारी बाजूंना उतरता माथा, त्यावर गावांची नावं. प्रत्येक अळंबीला स्वतःचा नंबर असतो, तो नंबर देशात दुसरीकडे कुठेही नाही. जंगलात कुणी पडलं तर "अमुक नंबरच्या अळंबीपाशी या" एवढं सांगितलं की पुरे. क्नोपपुंटचं मात्र तसं नाही, एकच आकडा अनेक ठिकाणी येतो.

---

घाटवाट

पुण्यातून लिहितोय. हे शेवटचं वाक्य वाचून थांबलो. एकच आकडा अनेक ठिकाणी? मग गोंधळ होत नाही?

---

नकाशेवाला

घाटवाट, याचं उत्तर मी देतो. गेली काही वर्षं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर हेच जाळं भरायचं काम फावल्या वेळात करतोय.

आकडे साधारण १ ते ९९ एवढेच ठेवलेत, म्हणून ते पुन्हा पुन्हा येतात. अट एवढीच की जवळपास दोन सारखे आकडे नकोत. दिवसभराच्या फेरीत तुम्हाला ३४ एकदाच भेटला म्हणजे झालं. पुढचा ३४ तुमच्या पट्टीच्या बाहेर कुठेतरी लांब आहे. आपल्याकडे "मारुतीच्या देवळापाशी भेट" म्हटलं की कुठला मारुती ते विचारावं लागत नाही, कारण दोघे एकाच गावात असतात. तसंच.

बेल्जियन लिंबुर्गमध्ये मात्र तीन आकडी नंबरही आहेत. हेख्टेल-एक्सेलच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा गोल पूल आहे, त्याची गाठ २७२.

नकाशात हे भरताना दोन गोष्टी लागतात. गाठीच्या बिंदूवर "आरसीएन रेफ" हा टॅग (म्हणजे माहितीचं लेबल) आणि त्यात आकडा. आरसीएन म्हणजे प्रादेशिक सायकल-जाळं, पायवाटांच्या जाळ्यासाठी आरडब्ल्यूएन. मग दोन गाठींमधला प्रत्येक तुकडा हा एक वेगळा रिलेशन, म्हणजे रस्त्यांचे भाग एकत्र बांधणारी नोंद, त्याला "१२-४७" अशी ओळख.

खरी डोकेदुखी पुढे आहे. कागदावर गाठ म्हणजे एक ठिपका. जमिनीवर ती कधी कधी तीन खांबांची असते. मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सायकलपट्टा असेल, मध्ये गोल चौक असेल, तर ४७ हा आकडा रस्त्याच्या अलीकडे एका खांबावर, पलीकडे दुसऱ्यावर आणि कालव्याच्या पुलाशी तिसऱ्यावर सापडतो. तिन्ही मिळून एकच गाठ. पूर्वेकडून येणारा एका खांबाशी पोहोचतो, पश्चिमेकडून येणारा दुसऱ्या. मग नकाशात तिन्ही बिंदूंना ४७ द्यायचा आणि त्यांच्यामधले छोटे तुकडेही जोडायचे. एक जरी राहिला तरी मार्ग आखणारं ॲप म्हणतं, इथे वाट तुटली आहे. क्नोपपुंटनेट नावाचं संकेतस्थळ अशा तुटलेल्या जागा शोधून दाखवतं. माझी शनिवारची सकाळ तिथेच जाते.

---

घाटवाट

धन्यवाद नकाशेवाला, आता समजलं. मारुतीचं उदाहरण पटलं.

नंबर बदलण्याचा त्रास मात्र आपल्याला चांगला ठाऊक आहे. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे आकडे बदलले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, अशी नीट रचना झाली. मुंबई-पुणे-बेंगळुरूचा ४ चा ४८ झाला, कोकणातल्या १७ चा ६६. आजही आमच्या राइडला निघताना निम्मे लोक "एनएच फोर" म्हणतात. रचना शास्त्रशुद्ध असून भागत नाही, आकडा लोकांच्या तोंडात बसावा लागतो.

---

टेम्सकाठचा

मी इंग्लंडमध्ये असतो. इथे अजून मार्गालाच नंबर आहे आणि त्यातही एक सौंदर्य आहे, म्हणून लिहितो. राष्ट्रीय सायकल जाळ्यातला मार्ग १ डोव्हरपासून पूर्व किनाऱ्याने थेट शेटलंडपर्यंत जातो. निळी पाटी, त्यावर पांढरी सायकल आणि लाल चौकोनात आकडा. लाल म्हणजे राष्ट्रीय मार्ग, निळा चौकोन म्हणजे प्रादेशिक. स्वित्झर्लंडमध्ये तर आकड्यांची लांबीच सांगते: एक आकडी राष्ट्रीय, दोन आकडी प्रादेशिक, तीन आकडी स्थानिक. युरोव्हेलो या युरोपभरच्या सायकल-जाळ्याच्या लांब पल्ल्याच्या मार्गांत उत्तर-दक्षिण विषम आणि पूर्व-पश्चिम सम, म्हणजे आपल्या महामार्गांच्या बरोब्बर उलट.

पंधरा दिवसांच्या प्रवासाला निघालेल्याला एकच आकडा धरून जाणं सोपं. पट्टीवर चारशे गाठी कोण लिहिणार?

---

पांदण

टेम्सकाठचा, हे अगदी खरं आहे आणि इथे ते मान्यही केलंय. नेदरलँड्समध्ये एलएफ नावाचे लांब मार्ग आहेत, ते याच गाठींच्या जाळ्यावरून नेलेत. पूर्वी त्यांच्या पाट्यांवर आकड्यापुढे ए किंवा बी असायचा, जाताना ए आणि उलट येताना बी. हे भर पावसात लक्षात ठेवणं जिवावर यायचं. गाठींना दिशा नसते. परत त्याच वाटेने यायचं तर पट्टी खालून वर वाचायची.

---

मृण्मयी_एसेन

जर्मनीतून माझी भर. रूर भागातही आता गाठींचं जाळं आहे. आमच्याकडे दिशादर्शकाच्या खांबाच्या डोक्यावर लाल टोपी असते आणि तिच्यावर पांढरा आकडा. लांबून दिसते. खाली नेहमीच्या पाट्या, गावाचं नाव आणि अंतर. त्यामुळे नावं आणि आकडे एकाच खांबावर नांदतात, मला ते जास्त सोयीचं वाटतं.

यातल्या काही वाटा कोळशाच्या जुन्या मालगाड्यांच्या रुळांच्या जागेवरून जातात. रूळ काढले, भराव तसाच ठेवला, म्हणून तिथे चढ अगदी हलके. त्सोलफेराइन खाणीच्या त्या प्रचंड लोखंडी मनोऱ्याखालून मी सायकल नेते, पण ही आकड्यांची युक्ती खाणीतून वर आली हे आत्ता या धाग्यामुळे कळलं. उद्या तिथूनच जाणार आहे, वेगळ्या नजरेने बघेन.

---

ऊर्मी

पांदणताई, पाट्या चुकत नाहीत का कधी?

---

पांदण

चुकतात की. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्यावर तशी वेळ आली. पट्टीवरचा चौथा आकडा शोधत मी सरळ जात राहिले, पाटी नाही तर सरळ म्हणून. चार किलोमीटर झाले, आकडा येईना. मागे फिरले. पाहते तर वळणावर खांब होता, पण मका माणसाच्या डोक्यावर वाढलेला. दोन ताटं बाजूला केली तेव्हा आतून पाटी दिसली. मे महिन्यात तीच पाटी पन्नास मीटरवरून दिसत असणार. सोबत लेक होती, पाणी संपलं होतं आणि उन्हात आठ किलोमीटर जास्त पडले. मी खूप चिडले होते.

खांबावर एक छोटा स्टिकर होता, त्यावर खांबाचा क्रमांक. तो टिपून घरी आल्यावर कळवलं. पहिल्या दहा दिवसांत काहीच झालं नाही, पुन्हा कळवलं. मग एका संध्याकाळी एका स्वयंसेवक काकांचा फोन आला. ते सत्तरीचे होते, त्यांच्याकडे चाळीसेक किलोमीटरच्या वाटा सोपवलेल्या होत्या. त्यांनी पाटी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला हलवून घेतली, आणि "मका कुठल्या बाजूला पेरतात हे पुढच्या वेळी शेतकऱ्याला आधी विचारतो," म्हणाले.

बेल्जियमच्या फ्लेमिश भागात अशा स्वयंसेवकांना "पेटर" आणि "मेटर" म्हणतात, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे ते धर्मपिता आणि धर्ममाता. वाटेला धर्ममाता असते ही कल्पना मला इतकी भावली की मीही इथे नाव दिलंय. एप्रिलपासून बावीस किलोमीटर माझ्याकडे येणार आहेत.

---

भीमथडी

मक्याचा किस्सा वाचून माझी शंका फिटली. फोनने वाट दाखवली असती, पण मग काकांचा फोन आला नसता. बावीस किलोमीटरबद्दल अभिनंदन!

---

घाटवाट

काल आमच्या ग्रुपमध्ये हा धागा फिरवला. लगेच प्रश्न आला, आपल्याकडे करायचं का? रात्री नकाशा घेऊन बसलो.

ताम्हिणीत याचा उपयोग नाही. घाटात रस्ता एकच, वर जायचं नाही तर खाली. फाटाच नसेल तर आकडा कुणाला लावणार? जाळं व्हायला प्रत्येक गाठीला किमान तीन तोंडं हवीत. पण घाट सोडून पूर्वेला आलं की चित्र पालटतं. सासवड, जेजुरी, नारायणपूर या पट्ट्यात छोटे डांबरी रस्ते एकमेकांना सारखे कापतात. वाड्यांना जोडणारे, पाण्याच्या टाकीपाशी फुटणारे, देवळाला वळसा घालणारे. रहदारी कमी. मी मोजले, हिंडण्यासारखे सव्वीस फाटे निघाले.

खांब लावायची परवानगी कुणाकडे मागायची इथपासून सुरुवात आहे, त्यामुळे सध्या फक्त कागदावर. सव्वीस फाट्यांना आकडे देऊन नकाशाची एक पानी प्रत करतोय. पुढच्या रविवारी सात जण आकड्यांवर राइड करून बघणार. फाट्याची खूण म्हणून आकड्यापुढे एक शब्द लिहिलाय: "१४, पिंपळ", "९, डेअरी", "२१, शाळा".

---

नकाशेवाला

घाटवाट, एक सूचना. शेजारशेजारच्या गाठींना ओळीने आकडे देऊ नका. ११, १२, १३ असं लावलंत तर लोकांना वाटेल की हाच एक ठरलेला मार्ग आहे आणि सगळे त्याच क्रमाने जातील. आणि ६ व ९ जवळ ठेवू नका, कागद उलटा धरला की घोटाळा.

---

घाटवाट

६ आणि ९ शेजारीच होते! बदलतो.

---

ऊर्मी

ताई, मे महिन्यात बाबांना घेऊन बेल्जियन लिंबुर्गमधल्या हासेल्टला बहिणीकडे जातोय. बाबांना सत्तरावं लागलंय, पण सायकल अजून रोज चालवतात. मराठी सोडून दुसरी भाषा बोलत नाहीत. मला भीती वाटते ती सीमेच्या आसपासच्या नावांची. मागे मी स्वतः चुकले होते. पाटीवर कुठे लुइक, कुठे लिएज, आणि जर्मन बाजूला ल्यूटिश. तिन्ही एकच शहर, हे कळेपर्यंत अर्धा तास गेला.

---

पांदण

आखनचंही तसंच, डचमध्ये आकेन आणि फ्रेंचमध्ये एक्स-ला-शापेल. आकड्यांना हा त्रास नाही, ऊर्मी. बाबांना बिनधास्त पुढे घाला.

हासेल्टजवळ असाल तर बोक्राइकला जाच. तळ्याच्या मधून सायकलवाट काढलीय, २१२ मीटर लांब, २०१६ पासून सुरू आहे. वाट पाण्याच्या पातळीखाली आहे, दोन्ही बाजूंना पाणी थेट डोळ्यांच्या उंचीला येतं आणि बदकं तोंडासमोरून पोहत जातात. गाठ ९१. तिथे सायकलवरून उतरू नका, मागून रांग येत असते. दोनदा जायचं असेल तर पुढच्या गाठीवरून उलट फिरा.

---

ऊर्मी

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्याची पट्टी कापलीय आणि सर्वांत वर ९१ लिहून ठेवलाय. बाकीचे आकडे कधी सांगतेस म्हणून सकाळपासून मागे लागलेत. ताई, हासेल्टहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत यायचं असेल तर मधल्या गाठी कुठल्या घेऊ?

---

पांदण

व्यक्तिगत निरोपात नकाशा पाठवलाय. सात गाठी, चढ नाही. आकडे त्यांनाच निवडू दे.